तत्त्वतः पहिले

बर्फ पडून गेल्यावर हॅमिल्टनमधली माणसं आधी गाडीपुरती वाट मोकळी करतात, मग घराची पायरी, मग फुटपाथ. आमचे शेजारी प्रभाकर बर्डे आधी अंगणातल्या पाटीभोवतीचा बर्फ काढत. पाटी साधीच होती. तारेच्या दोन पायांवर उभी, आणि तिच्यावर निळ्या अक्षरांत एका माणसाचं नाव. फावड्यानं तिच्याभोवती हातभर रुंदीचं रिंगण करायचं, हातमोज्यानं पाटी पुसायची, मग रस्त्यावर जाऊन ती लांबून वाचता येते का ते बघायचं. तोवर त्यांची स्वतःची पायरी बर्फाखालीच. एकदा पाटी साफ करून परतताना त्याच पायरीवर ते घसरले. मी धावत गेले, तर आडवे पडल्या पडल्या त्यांनी मला विचारलं, "पाटी सरळ आहे ना?"

पाटीवरचं नाव अर्ल मॅकनिश असं होतं. ते कुणालाच माहीत नव्हतं.

ही गोष्ट २०१७ सालच्या हिवाळ्यातली आणि वसंतातली. इथल्या उजव्या विचारांच्या मोठ्या पक्षाला नवा नेता निवडायचा होता. डझनाहून जास्त उमेदवार उभे होते. पक्षाचे सभासद घरी टपालानं आलेल्या कागदावर नावांपुढे आपला पसंतीक्रम आकड्यांत लिहून तो कागद परत टपालानं पाठवणार होते. मॅकनिश हे पश्चिमेकडच्या गव्हाच्या मुलुखातले खासदार, मूळचे गुरांचे डॉक्टर. वर्तमानपत्रांत जे अंदाज येत त्यांत त्यांचं नाव 'इतर' या शब्दाच्या आत असायचं. ते म्हणत, कर्ज काढू नका, घरोघरी टपाल पुन्हा सुरू करा आणि चालू घड्याळ उघडून बघू नका. बाकी त्यांना फारसं काही म्हणायचं नव्हतं. वादसभेत दिलेला वेळ संपायच्या आधीच ते खाली बसत.

"वेळ उरवला त्यानं!" बर्डेकाका मला कुंपणावरून ओरडून सांगत. "चाळीस सेकंद उरवले. असा पुढारी पाहिला काय तू?"

पक्षाला ते 'हुजूर पक्ष' म्हणत. लहानपणी नागपुरात वडिलांना मराठी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवताना विलायतेतल्या तशाच पक्षाला हाच शब्द असे, तो त्यांनी कॅनडात आणून तसाच वापरायला काढला. उमेदवाराला ते 'अर्लराव' म्हणत. त्यांचा आणखी एक शब्द होता, 'तत्त्वतः'. अर्लराव निवडून येणार का, असं विचारलं की ते म्हणत, "तत्त्वतः आलेच आहेत. फक्त मतं पडायची राहिली." गुडघा दुखतो का विचारलं तर, "तत्त्वतः नाही." बायको गेल्यानंतर जेवता ना नीट, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हाही त्यांनी हेच उत्तर दिलं.

त्यांची बायको, आमच्या नलूकाकू, आदल्या नोव्हेंबरात गेल्या. पोटाचा आजार निघाला आणि सात आठवड्यांत सगळं संपलं. त्याच्या आदल्या वर्षी माझा नवरा दिलीप गेला होता. म्हणजे आमच्या गल्लीत शेजारी शेजारी दोन घरं अशी होती की ज्यांत संध्याकाळी एकच दिवा लागायचा. माझ्या घरात शांतता होती. काकांच्या घरातून मात्र सतत आवाज येई. टीव्ही, रेडिओ, आणि त्या दोघांच्या वर काकांचा फोनवरचा आवाज.

काका चाळीस वर्षं इथल्या पोलाद कारखान्यात तपासनीस होते आणि चाळीस वर्षं त्यांनी मत दिलं ते दुसऱ्या, लाल रंगाच्या उदारमतवादी पक्षाला. "यांनी आपल्याला देशात घेतलं," एवढं एक कारण त्यांना पुरत असे. त्यामुळे काकू गेल्यावर दोन महिन्यांत अंगणात हुजूर पक्षाची निळ्या अक्षरांची पाटी उगवली तेव्हा लोक हळहळले. कुणी म्हणालं, दुःखानं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, म्हातारपणी माणूस उजवीकडे झुकतोच. मला काहीच कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. विचारायचा माझा स्वभाव नाही.

पहिलं काम त्यांनी केलं ते मराठी मंडळाची जुनी यादी शोधून काढण्याचं. मग हॅमिल्टनपासून ब्रॅम्पटनपर्यंत फोन सुरू झाले.

"नमस्कार, मी बर्डे. अर्लरावांकडून बोलून राहिलो."

"कोण अर्लराव? आपल्यातले का हो?"

"तत्त्वतः आपल्यातलेच."

"आडनाव काय म्हणालात?"

"मॅकनिश."

"हां हां. कऱ्हाडकडचे का?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुरुष येत नाहीत. काका आले. दारात उभं राहून प्रत्येकीच्या हातावर तिळाचा लाडू आणि सभासदत्वाचा फॉर्म ठेवत म्हणाले, "तिळगूळ घ्या, गोड बोला, खाली सही करा." कॉलेजात शिकायला आलेल्या एकीनं विचारलं, "काका, हे जिंकले तर इथं कायम राहायचा पीआर लवकर मिळेल का?" काका म्हणाले, "तू अजून मतदार नाहीस. लाडू घे आणि बाजूला हो."

मी सार्वजनिक वाचनालयाच्या आमच्या भागातल्या शाखेत काम करते. तिथल्या सूचना फलकावर अर्लरावांचं पत्रक लावायला मी नकार दिला. नियमच तसा आहे, कुठल्याच पक्षाचं लावता येत नाही. काकांनी नियम दोनदा वाचला. मग पत्रक स्वतःच्या कोटाच्या पाठीवर टाचण्यांनी लावलं आणि फलकाशेजारी लोकांकडे पाठ करून तासभर उभे राहिले.

"काका, हे काय?"

"फलकावर लावायला मनाई आहे. फलकाच्या बाजूला उभं राहायला कुठं आहे? दाखव बरं कलम."

कलम नव्हतं. मी त्यांना निदान खुर्ची दिली, तर म्हणाले, "बसलो तर पाठ दिसत नाही."

याच शाखेतल्या मागच्या खोलीत दर गुरुवारी मराठी ज्येष्ठांची बैठक भरते. मुलांकडे राहायला आलेले, इथले नागरिक झालेले, पण बसचा पास काढायलाही नातवाला बरोबर नेणारे असे चौदा-पंधरा जण. ही बैठक नलूकाकूंनी सुरू केली होती. चहा, थोडं वाचन, आणि शेवटी हाउजी. हाउजीची तिकिटं काकू घरी जाड कागदावर स्वतःच्या हातानं आखत, आणि आकडे मराठीत लिहीत. "निदान इथं तरी आपले आकडे ओळखीचे राहू देत," असं त्या म्हणत. काकू गेल्यावर बैठक मोडेल असं मला वाटलं होतं. पण पुढच्याच गुरुवारी काका आले, काकूंच्या खुर्चीवर बसले आणि बोलू लागले. ते मे महिन्यापर्यंत बोलत होते.

अर्लराव देशात जिंकणार नाहीत हे काकांना ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आपल्या मतदारसंघात अर्लराव शेवटचे येता कामा नयेत. "शेवटचा नको. बाकी काही मागत नाही मी." एरवी सगळं हसण्यावारी नेणारा हा माणूस हे वाक्य म्हणताना माझ्याकडे बघत नसे. त्यांनी गणित मांडलं होतं. आमच्या भागात अर्लरावांना दुसरं कुणी ओळखत नाही. बैठकीतले चौदा आणि ते स्वतः, मिळून पंधरा. पंधरात शेवटून दुसरे तरी नक्की.

एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी सगळे आपापले मतदानाचे कागद घेऊन आले. काकांनी वर्गच घेतला. पांढऱ्या फळ्यावर कागदाचं मोठं चित्र काढलं, नावांच्या ओळी आखल्या, आणि अर्लरावांच्या नावापुढच्या चौकोनात ठसठशीत आकडा काढला. "इथं एक. बाकी सगळं कोरं. दुसरी पसंती नाही, तिसरी नाही. एक म्हणजे एक." मग ते खोलीच्या कोपऱ्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "आता भरा. मी पाहून नाही राहिलो. गुप्त म्हणजे गुप्त." तरी बोलणं चालूच होतं, भिंतीशी.

मतदानाच्या कागदाबरोबर ओळखपत्राची प्रत जोडायची होती. म्हणून एकेक जण बाहेर माझ्या टेबलाजवळच्या झेरॉक्स मशीनपाशी येत होता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या साठेआजोबांनी हातातलं सगळंच एकेक करून काचेवर पालथं घातलं. परत जाताना ते ओळखपत्राची प्रत घेऊन गेले आणि मतदानाच्या कागदाची प्रत ट्रेमध्ये राहिली. दुसऱ्याचं मत बघू नये म्हणून मी ती उलटी करणार होते, पण नजर जायची ती गेली. अर्ल मॅकनिश या नावापुढे नऊ होता.

मला प्रथम हसू आलं. आजोबांनी काकांना चांगलंच फसवलं, असं वाटलं. मग खोलीच्या उघड्या दारातून समोरचा फळा दिसला. फळ्यावरही तेच होतं. वर डोकं, खाली शेपूट. काकांनी मराठी एक काढला होता. काकूंच्या खुर्चीशेजारी उभं राहून, काकूंच्या गुरुवारी, समोर हाउजीची माणसं बसलेली असताना त्यांच्या हातातून दुसरा कुठला आकडा येणार? आणि चौदा जणांनी तो तसाच्या तसा उतरवला होता. ते कागद ओटाव्यात मोजणाऱ्या माणसाला तो नऊच दिसणार होता, आणि एक कुठेच नाही म्हणून मत बाद.

मी दाराशी गेले. काका आता भिंतीकडचं तोंड फिरवून आभाराचं भाषण करत होते.

"काका, एक मिनिट."

"एक काय, पाच घे. पण हे होऊ दे."

थोड्या वेळानं मी पुन्हा म्हटलं, "काका, जरा महत्त्वाचं आहे."

"अगं मीना, याच्याहून महत्त्वाचं काय आहे आज?" सगळे हसले. साठेआजोबांनी टाळी वाजवली.

तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा माझ्या टेबलावरची घंटी वाजली. कुणालातरी पुस्तक परत द्यायचं होतं. ते काम आटपून मी वळले तर मंडळी कोट चढवून बाहेर निघाली होती. खिडकीतून मला दिसलं, काका पुढे आणि मागे चौदा जण, कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीकडे चालले होते. इंदूमावशींनी पाकीट आत टाकण्याआधी कपाळाला लावलं. मी हाक मारू शकले असते. पण वाचनालयात एकोणीस वर्षांत मी कधी आवाज चढवलेला नाही, आणि त्या दिवशीही चढवला नाही. मोजणारे समजून घेतील, असं स्वतःला सांगितलं. प्रतीची घडी करून पर्समध्ये ठेवली.

निकाल मे महिन्यात लागला. अर्लराव पहिल्याच फेरीत बाद झाले, त्याचं काकांना काही वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात मतदारसंघवार आकडे आले. ते मोठ्या अक्षरात छापून आण, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी छापून नेले. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी चष्मा बदलला आणि बोट फिरवत खाली खाली गेले. अर्लराव सगळ्यांत खाली होते. त्यांच्या नावापुढे एक मत होतं.

"हे तर माझंच," काका म्हणाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ते लगेच सुरू झाले. साठे खोटं बोलला. इंदू खोटं बोलली. नलूच्या हातचे चिवडे खाल्ले यांनी, या टेबलावर बसून. माझ्या तोंडावर हो म्हणाले आणि मी भिंतीकडे पाठ... तोंड करून उभा, मूर्खासारखा. मी तशीच घरी आले.

त्या गुरुवारी काका बैठकीला आले नाहीत. पुढच्याही नाही. साठेआजोबांनी फोन केला तर उचलला नाही. त्या घरातून टीव्हीचाही आवाज येईना. तिसऱ्या गुरुवारी इंदूमावशी मला म्हणाल्या, "आमचं काय चुकलं गं? त्यांनी सांगितलं तसंच तर केलं आम्ही." काकांना या जगात जाण्यासारखी ती एकच जागा उरली होती, आणि ती ते एका शेपटीच्या आकड्यापायी सोडून बसले होते. दिलीप गेल्यावर मी माझ्या अशा जागा एकेक करून कशा सोडल्या, ते मला माहीत होतं. त्याला फार दिवस लागत नाहीत.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या दाराची बेल वाजवली. दाढी वाढली होती. मी ती प्रत टेबलावर ठेवली.

"हे काय, नऊ? बघ, साठ्यानं चक्क नववा नंबर दिला!"

"काका, तुम्ही फळ्यावर काय काढलं होतं ते इथं काढून दाखवा."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि काढलं. मग आपल्याच आकड्याकडे बघत राहिले. त्यांनी कागद फिरवून पाहिला, लांब धरून पाहिला, जसा पोलादाचा तुकडा बघत असतील. त्यांनी स्वतःच्या मतपत्रिकेवर इंग्रजी एक लिहिला होता. चाळीस वर्षं तपासणीचे अहवाल इंग्रजीत लिहिणारा हात तो, कागदावर त्यानं बरोबर लिहिलं. फळ्यावर मात्र घरचा आकडा आला.

"म्हणजे चौदाच्या चौदा..."

"चौदाच्या चौदा. कुणी फसवलं नाही."

काका हसायला लागले. नोव्हेंबरनंतर मी त्यांना पहिल्यांदा असं हसताना पाहिलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे अर्लराव नववे! तत्त्वतः पहिले!" ते टेबलावर हात आपटत म्हणाले. "तत्त्वतः पहिले, बाप्पा!"

हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "तुला हे कधी समजलं?"

"त्याच दिवशी. पेटीत पाकिटं पडायच्या आधी."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

खोटं काहीतरी सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही.

"तुम्ही बोलत होता, काका."

ते गप्प झाले. हा माणूस गप्प बसतो तेव्हा घर किती मोठं वाटतं ते मला प्रथमच कळलं. फ्रिजचा आवाज येत होता. खिडकीत काकूंनी कुंडीत वाढवलेला गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, होता, त्याची निम्मी पानं गळालेली.

त्या कुंडीकडे बघत ते म्हणाले, "नलू पण हेच म्हणायची."

मग त्यांनी सांगितलं ते असं. आदल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतलं दारापर्यंतचं टपाल बंद होऊन कोपऱ्यावर सामाईक पेटी आली होती. तक्रार करायला काकूंनी खासदाराला फोन लावला आणि यादीतली ओळ चुकून भलत्याच खासदाराच्या कचेरीत लावला. तिथली माणसं जेवायला गेली असावीत. फोन उचलला तो अर्लरावांनी स्वतः. काका समोरच टीव्ही बघत होते. "रॉंग नंबर आहे, ठेव," असं त्यांनी दोनदा सांगितलं. काकूंनी ठेवला नाही. पस्तीस मिनिटं बोलल्या. टपालपेटीवरून हिवाळ्यातल्या निसरड्यावर गेल्या, तिथून गोडलिंबाची पानं का गळतात त्यावर, तिथून कॅलगरीला राहणारा आपला मुलगा फोन करत नाही त्यावर.

"ठेवल्यावर मला म्हणाली, अहो, तो मध्ये बोललाच नाही. मी थांबले की नुसतं 'अँड देन?' म्हणायचा. चाळीस वर्षांत मला एवढं कुणी बोलू दिलं नाही. मी हसलो." काका थांबले. "पोटात दुखते म्हणून तिनं त्याला सांगितलं होतं, मीना. त्या फोनवर. मी समोरच बसून होतो. मला दीड महिन्यानं समजलं, दवाखान्यात."

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"शेवटी शेवटी टीव्हीवर आलं, हा माणूस उभा राहतो आहे म्हणून. म्हणाली, याला कुणी मत देणार नाही, तुम्ही द्या. आणि शेवटचा येऊ देऊ नका बिचाऱ्याला." त्यांनी साठेआजोबांच्या कागदाची पुन्हा घडी घातली. "ते एक ऐकायचं होतं मला तिचं. तेही बोलता बोलता घालवलं."

चहाची वेळ होऊन गेली होती. मी आधण ठेवायला उठले तर ते म्हणाले, "राहू दे, बस. तू त्या दिवशी तीनदा आली होतीस दाराशी. मला आठवते आता. दिलीप गेला तेव्हापण तू दोनदा आली होतीस इथं, संध्याकाळी. मीच बोलत होतो दोन्ही वेळा, कारखान्याचं." त्यांनी टेबलावरचे हात मांडीवर घेतले, शाळेत मुलं घेतात तसे. "सांग. मी नाही बोलत."

मला वाटलं, दोन वाक्यांत संपेल. दिलीपच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी तोवर कुणाशीच बोलले नव्हते. बोलायला लागले आणि कुठेतरी थांबले, कारण पुढचं सांगणं कठीण होतं. काकांचे ओठ हलले. काहीतरी सांगायला आलं होतं, ते त्यांनी गिळलेलं मला दिसलं.

पुढच्या गुरुवारी ते बैठकीला आले, चूक माझी, एवढं म्हणाले आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर जाऊन तासभर नुसते बसून राहिले. साठेआजोबांनी बाहेर येऊन मला हळूच विचारलं, "यांना ताप आहे का?"

गेल्या जानेवारीत काका गेले. कॅलगरीचा मुलगा आला, घर विकायला काढलं, सामान बाहेर ठेवलं. मी ती पाटी मागून घेतली. "You want that?" त्यानं विचारलं. ती मी माझ्या अंगणात लावली नाही. नियम नियमच आहे, मी वाचनालयात काम करते. ती तळघरात भिंतीला टेकून उभी आहे. अजूनही बर्फ पडला की मी फावडं घेऊन बाहेर येते आणि आधी शेजारच्या अंगणाकडे बघते. तिथं नवी माणसं आली आहेत. ती पायरी आधी साफ करतात.

त्या शनिवारी मी अंधार पडेपर्यंत बोलत होते. जिथं जिथं थांबले, तिथं काकांनी एकच शब्द वापरला, आणि तो 'तत्त्वतः' नव्हता.

"मग?" ते म्हणत.